आधी वजनकाटा, मग टायरवाला

प्रश्न : माझी पिकअप आहे, एमएच ०९ पासिंगची, पाच वर्षं झाली. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. गूळ आणि भाजी भरून आंबा घाटातून रत्नागिरीला जातो, सीझनला येताना आंब्याच्या पेट्या आणतो. टायर कंपनीच्याच साइजचे आहेत, १९५ आर १५, बाजूला १०६/१०४ लिहिलंय. मागचे दोन्ही टायर वर्षाच्या आत दोन्ही कडांनी खाल्ले, मधली नक्षी अजून शाबूत आहे. हवा ४० ठेवतो, कारण जास्त भरली की रिकामी गाडी उड्या मारते. टायरवाला म्हणतो, वजनाला हा टायर बारीक पडतोय, एसयूव्हीला बसतो तो २३५/७५ आर १५ टाका, त्यात दम आहे. पोरगा म्हणतो, टाकायचेच तर १६ इंची अलॉयवर टाकू, गाडी उठून दिसेल. नेमकी कोणती साइज घ्यावी?
— एक पिकअपवाला, करवीर

उत्तर : दादा, साइज बदलू नका. १९५ आर १५ च घ्या आणि डिस्कही, म्हणजे टायर बसतो ते लोखंडी चाक, आहे तीच ठेवा.

पत्रात तुम्ही दोन गोष्टी लांब लांब लिहिल्यात, त्या शेजारी ठेवून बघा. मागचे टायर दोन्ही कडांनी खाल्लेत आणि हवा ४० आहे. टायरचे दोन्ही खांदे झिजतात आणि मधला पट्टा राहतो, तेव्हा तो टायर कमी हवेवर जास्त वजन ओढत असतो. हवा जास्त असेल तर उलटं होतं, मधला पट्टा आधी जातो. एकाच कडेनं खाल्लं असेल तर अलाइनमेंट किंवा ॲक्सल बघायचा. टायरवाल्यानं झीज बघितली आणि "बारीक पडतोय" म्हणून मोकळा झाला. हवा किती ठेवता एवढं विचारलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. त्याचं गिऱ्हाईकही गेलं नसतं, टायर तर तुम्हाला घ्यायचेच आहेत.

आता तो जो "दम" म्हणतोय, तो टायरच्या बाजूवर आकड्यात लिहिलेला असतो. तो रुंदीत शोधायचा नाही. तुमच्या टायरवरचे १९५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. पुढं तिरकी रेघ मारून दुसरा आकडा नसेल तर टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या साधारण ८२ टक्के धरतात. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. मग येतं १०६/१०४, आणि तुमच्या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचं तेच. हा लोड इंडेक्स. थेट किलो नव्हेत, कोष्टकातला कोड आहे. १०६ म्हणजे एका टायरला ९५० किलो. मागं जोडटायर असतील तर दुसरा आकडा लागू, १०४ म्हणजे ९०० किलो. तुमच्या मागं एकेकच टायर असणार, म्हणजे तुम्ही ९५० धरा. त्याच्या मागचं इंग्रजी अक्षर वेगाचं. तुमच्या कामात त्यावरून अडणार नाही, सोडून द्या.

आता २३५/७५ आर १५ कडे बघा. एसयूव्हीसाठी विकला जाणारा या साइजचा टायर बहुतेक वेळा १०५ इंडेक्सचा असतो. १०५ म्हणजे ९२५ किलो. रुंदीला चाळीस मिलिमीटर जास्त, दिसायला पैलवान, आणि वजन उचलायला तुमच्या बारीक टायरपेक्षा पंचवीस किलोनं कमी! याच साइजमध्ये जास्त इंडेक्सचेही टायर मिळतात, एक्सएल (जादा वजनाचा) किंवा एलटी (हलक्या मालवाहू गाडीचा) छापलेले, पण दुकानात समोर येतो तो बहुधा साधाच. म्हणून साइज ऐकून मान डोलावू नका, टायर फिरवून तो आकडा स्वतः वाचा.

असं का होतं, तर वजन रबर उचलत नाही, आत कोंडलेली हवा उचलते. तुमचा मालवाहू टायर ९५० किलो पेलतो तो साधारण ६५ पीएसआय हवेवर, आणि तेवढी हवा धरून ठेवायला त्याची आतली बांधणी जाड केलेली असते. टायरवर ८ पीआर (प्लाय रेटिंग) असं काही छापलेलं असेल तर ती त्याच बांधणीची खूण. एसयूव्हीचा टायर आपले ९२५ किलो ३५-३६ पीएसआयवर पेलतो, कारण त्याचं पोट मोठं आहे. त्याची भिंत मऊ असते, मोटारीत बसलेल्या माणसाला धक्के लागू नयेत म्हणून. त्यात ६५ हवा भरायचा विचारही करू नका. त्याच्यावर जास्तीत जास्त हवेचा आकडा छापलेला असतो, तो याच्या बराच खाली असतो.

मग तुमच्या टायरमध्ये ४० हवा असताना काय होत असेल? क्षमतेच्या पाऊण हिश्शाइतकंही वजन तो नीट पेलत नाही. वर हौदा भरलेला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची भिंत दबते, सुटते, पुन्हा दबते, आणि त्यातून उष्णता तयार होते. कडा खाल्ल्या हे नशीब समजा. असा टायर उन्हाळ्यात, भरल्या गाडीला, साखरप्याच्या अलीकडं उतारावर फुटतो तेव्हा कडा मोजायला कोणी थांबत नाही.

आता काटा. तुम्ही पत्रात टायरबद्दल भरपूर लिहिलंत, पण मागच्या ॲक्सलवर किती वजन पडतं ते लिहिलं नाहीत. बहुतेक पिकअपवाल्यांना ते माहीत नसतं, मालाचं वजन तेवढं पाठ असतं. पुढच्या फेरीला गाडी नेहमीसारखी भरा आणि मार्केट यार्डाच्या बाजूला असलेल्या कुठल्याही वजनकाट्यावर घ्या. आधी पूर्ण गाडीचं वजन करा. मग गाडी पुढं घेऊन फक्त मागची चाकं काट्यावर ठेवा आणि दुसरी पावती घ्या. काटेवाला कुरकुरला तर दोन पावत्यांचे पैसे देतो म्हणा.

समजा भरलेली गाडी २,९०० किलो भरली आणि मागच्या ॲक्सलवर १,८०० आले. म्हणजे एका टायरवर ९००. तुमचा टायर ९५० चा, हवा पुरी असेल तर हरकत नाही, पण फार सैलही नाही. आता त्यावर "एवढे गुळाचे चार रवे घ्या की" म्हणत कोणी आणखी तीनशे किलो चढवले. पिकअपमध्ये वरचं वजन बहुतेक सगळं मागच्याच ॲक्सलवर जातं. त्यातले अडीचशे मागं आले असं धरलं तर २,०५०, एका टायरवर १,०२५. तुमचा टायरही हरला आणि टायरवाल्याचा रुंद टायर तर आधीच हरला. शिवाय दोन्ही बाजूंना वजन सारखं पडतं असंही नाही. गुळाच्या पेट्या एका अंगाला लावून दुसरीकडं भाजीची क्रेट असतील तर जड बाजूच्या टायरला आणखी भोगावं लागतं. जड माल पुढं, केबिनच्या भिंतीला चिकटून आणि दोन्ही बाजूंना वाटून लावा. फाळक्याला टेकवून जड माल लावला की मागचा ॲक्सल दबतो आणि पुढचं चाक हलकं होतं. घाटाच्या वळणावर स्टिअरिंग हलकं लागतं ते त्यामुळंच.

काट्यावरचा आकडा आरसीवरच्या भरलेल्या वजनापेक्षा जास्त आला तर कुठलीही साइज तुम्हाला सोडवणार नाही. मोठा टायर टाकला म्हणून गाडीचं पासिंग वजन वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, चॅसी सगळं जुनंच असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणं जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. एवढ्या पैशात टायर येतात, एवढंच सांगतो.

हवा किती भरायची, ते मी इथून सांगणार नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा गाडीच्या पुस्तकात तुमच्या मॉडेलचा आकडा दिलेला असतो. बहुतेक वेळा पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असतात, आणि काही गाड्यांना रिकामी आणि भरलेली असेही वेगळे. रिकामी गाडी उड्या मारते हे खरं आहे. पण त्यातला बराचसा दोष पाट्यांचा, म्हणजे मागच्या कमानीच्या स्प्रिंगांचा असतो, कारण पाटे भरल्या गाडीसाठी बनवलेले असतात. मागं कोणी जादा पाटा टाकून दिलाय का, ते वाकून बघा. टाकला असेल तर उड्या का मारते ते वेगळं सांगायला नको. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे माल भरायच्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, भरल्या गाडीचा आकडा भरून घ्यायचा. रिकामी गाडी गावात फिरवायची असेल त्या आठवड्यात कंपनीच्या रिकाम्या आकड्यावर आणायची. थंड असताना म्हणतोय ते मुद्दाम. घाट उतरून पालीला चहाला थांबलात आणि तिथं मोजलंत तर मीटर जास्त दाखवणारच, टायर तापलेला असतो. ती वाढलेली हवा सोडायची नाही. सोडलीत तर सकाळी कमी भरेल आणि तुम्ही परत ४० कडे निघालात. स्वतःचा हवामीटर घ्या. पंपावरच्या नळीचा काटा कोण कधी तपासतो देव जाणे.

आता समजा माझं न ऐकता २३५ टाकलाच, तर काय होईल ते मोजून सांगतो. तुमच्या आताच्या टायरची पूर्ण उंची साधारण ७०१ मिलिमीटर. रिम ३८१, वर आणि खाली भिंत १६०-१६०. नव्या टायरची उंची ७३३. फरक पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. टायरच्या धंद्यात तीन टक्क्यांच्या आतला फरक चालवून घेतात, हा त्याच्या बाहेर गेला. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी खरी ६३ नं पळत असेल. शंभर किलोमीटर गेलात तर मीटरवर साडेपंच्याण्णव पडतील, आणि तुम्ही म्हणाल ॲव्हरेज पडलं, डिझेल चोरीला गेलं. चढावर इंजिनाला तेवढंच जास्त ओढावं लागेल, म्हणजे येताना साखरपा सोडल्यावर घाटात आज जी चढण दुसऱ्या गिअरमध्ये निघते तिथं गाडी कुंथायला लागेल. उतारावर इंजिनाचा ब्रेक त्याच प्रमाणात कमी धरेल आणि ब्रेकच्या लायनरवर भार येईल. एवढं करून गाडी जमिनीपासून उचलली जाईल ती फक्त सोळा मिलिमीटर, बोटाच्या जाडीइतकी.

आणि रिम? १९५ आर १५ चा टायर बहुधा साडेपाच इंची रुंदीच्या डिस्कवर असतो. डिस्कवर ५.५ जे असं कोरलेलं सापडेल. २३५/७५ ला कमीत कमी ६ इंची रिम लागते. साडेपाचवर चढवला तर तो बसतो, दुकानदार चढवूनही देतो, पण भिंती आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि वळणावर टायर रिमवर डुलतो. आज तुमच्या कडा झिजतात, मग मधली नक्षी झिजेल. झीज जागा बदलेल, पैसे तेवढेच जातील. शिवाय आतल्या बाजूनं पाट्याला आणि पुढं पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर मडगार्डला घासतो का, हे रिकाम्या गाडीत कळत नाही. भरली गाडी दबली आणि खड्ड्यात गेली की आवाज येतो.

पावसाचंही एक आहे. आपल्याकडं जून लागला की आंब्याच्या बाजूला रस्त्यावर पाणीच असतं. बारीक टायर जास्त दाबानं रस्त्याला टेकतो आणि पाणी कापतो. रुंद टायर तेच वजन जास्त जागेवर पसरतो आणि साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. रिकाम्या गाडीला तर आणखी लवकर.

आता पोराचं अलॉय. पोरगा चुकीचा आहे असं नाही, कोल्हापुरात गाडी उठून दिसली पाहिजे हे मलाही मान्य आहे. पण त्याच्यासमोर एक अलॉय पालथा घाला आणि मागच्या बाजूला कोरलेला कमाल वजनाचा आकडा त्यालाच वाचायला सांगा. मोटारींसाठी केलेल्या बऱ्याच अलॉयवर हा आकडा सातशे किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तुमच्या एका चाकावर नऊशे पडतात. विषय तिथंच संपला.

वजनाचे अलॉय मिळालेच, तरी बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मधलं भोक आणि ऑफसेट (चाक हबला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते) तिन्ही जुळायला हवं. बोल्टांचं वर्तुळ जुळलं नाही किंवा मधलं भोक लहान पडलं तर चाक बसतच नाही, ते लगेच कळतं. जास्त फसवणूक होते ती ऑफसेटमध्ये. तो ४० वरून २० वर आला तर प्रत्येक चाक वीस मिलिमीटर बाहेर सरकतं. गाडी रुंद, रुबाबदार दिसते, आणि बेअरिंगवर रोज आडवा ताण बसतो. स्टिअरिंग जड होतं, चिखल मडगार्डच्या बाहेरून दारावर उडतो. नटसुद्धा बघा. अलॉयच्या भोकाची बैठक वेगळी असेल तर स्टीलच्या डिस्कचे जुने नट त्याला चालत नाहीत.

१६ इंचात तुमच्या वजनाला पुरणारी साइज नाही असं नव्हे. २१५/६५ आर १६ सी, इंडेक्स १०९/१०७, म्हणजे एका टायरला १,०३० किलो. उंची ६८६ मिलिमीटर, तुमच्यापेक्षा दोनच टक्के कमी. कागदावर जमतं. पण त्यात भिंत १६० ची १४० होते. पाणंदीतून गुऱ्हाळापर्यंत गाडी नेताना, उसाच्या धसकटातून आणि दगडावरून जाताना ती वीस मिलिमीटरच रिमला वाचवते. स्टीलची डिस्क वाकली तर उद्यमनगरात ठोकून सरळ करून मिळते. अलॉयला चीर गेली की तो भंगार. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतात, पण भरल्या पिकअपला तसला अलॉय लावू नका. स्टेपनीही १६ इंचीच घ्यावी लागेल, म्हणजे चार नाही, पाच चाकांचा खर्च.

कायद्याचं थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. मोटारसायकलवाल्यांना वाटतं तसं हे नुसतं हँडल आणि सायलेन्सरपुरतं नाही. मालवाहू गाडीच्या नोंदणीच्या अर्जात प्रत्येक ॲक्सलच्या टायरची संख्या, साइज आणि प्लाय रेटिंग लिहिलेलं असतं. नियमाबाहेरचा बदल केला तर कलम १८२अ खाली मालकाला एका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुमची गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंगला जाणार, पुढं दरवर्षी. तिथं कोणी बघितलं नाही तरी अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर टायरची साइज लिहून घेतो.

तर खरेदी अशी करा. १९५ आर १५, एलटी किंवा सी छापलेला, इंडेक्स १०६/१०४ पेक्षा कमी नको. जास्त मिळाला तर चांगलंच, पण त्यामुळं पासिंग वजन वाढलं असं समजू नका. एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. रेडियल आणि नायलॉन एका ॲक्सलवर कधी मिसळायचे नाहीत. पुढं सरळ रेघांची रिब नक्षी ठेवा, स्टिअरिंगला धरते आणि डांबरावर जास्त टिकते. मागं मात्र तुम्हाला पाणंदीचा चिखल आहे, तेव्हा अर्धी लग (लग म्हणजे जाड ठोकळ्यांची नक्षी) घ्या. पूर्ण लग हायवेवर आवाज करते आणि ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला, स्वस्त पडतो म्हणून कोणी पुढं टाकायला सांगितलं तर नको म्हणा. पुढचा फुटला तर गाडी हातात राहत नाही.

आताचे पुढचे टायर बरे असतील तर राहू द्या. खाचेत मध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली, कायद्यानंही तिथंच थांबायचं. तुम्ही मात्र घाटवाले, पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या दुप्पट तरी नक्षी असू द्या. मागचे काढलेले दोन स्टेपनीलाही ठेवू नका. खांदे गेलेला आणि वर्षभर कमी हवेवर चाललेला टायर आतून किती शिजलाय ते बाहेरून दिसत नाही.

टायर चढवण्याआधी बाजूवरचा चार आकडी शिक्का बघा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षापेक्षा जुना माल असेल तर दुसरा काढायला सांगा किंवा भाव तोडा. चढवल्यावर बॅलन्सिंग आणि पुढचं अलाइनमेंट करून घ्या, व्हॉल्व्हही नवे टाकायला लावा, ते ६५ पीएसआय पेलणारे असावेत, मोटारीचे रबरी नकोत. नट एअरगननं आवळले तरी शेवटचा आवळा टॉर्क पान्यानं मारायला सांगा आणि पहिली रत्नागिरी करून आलात की पुन्हा एकदा तपासा. बिलावर साइज, लोड इंडेक्स आणि तो चार आकडी शिक्का लिहून घ्या. टायर एकदा रिमवर चढला की कुठलाही दुकानदार तो परत घेत नाही, पण बिलावर हे असलं तर वॉरंटीला हुज्जत घालता येत नाही.